धाकटीला विचारायचं ठरलं

प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं पत्र सोमवारी सकाळी आलं आणि मोठ्या डॉक्टरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. धाकटीच्या मेंदूची शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी तिलाच विचारा, असं त्यात लिहिलं होतं. जो प्राणी बोलतो, त्याच्या मेंदूला त्याची संमती घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. पुढच्या सोमवारी समिती येणार, तिच्यासमोर धाकटीला प्रश्न विचारला जाणार आणि ती देईल ते उत्तर शेवटचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा वाजवतोय म्हणून मीही वाजवल्या, आणि मग माझे हात मधेच थांबले.

धाकटी म्हणजे सहा वर्षांची चिंपांझी. जन्माआधीच तिच्या जनुकांत फेरफार केले होते. माणसाचा गळा आणि जीभ ज्यांच्यामुळे बोलती होतात, त्यातली काही जनुकं तिच्यात घातली होती. तिच्याआधी दोघांवर हाच प्रयोग झाला. थोरला वर्षाच्या आत गेला. मधली धडधाकट निघाली, पण एक शब्द बोलेल तर शपथ. धाकटी मात्र बोलली. फाइलीवर तिचा नऊ आकडी क्रमांक आहे, तो कुणालाच पाठ नाही.

तिला बोलायला शिकवलं मी. माझं मूळ काम उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं. बावीस वर्षं मी तेच केलं, आणि फुशारकी वाटली तर वाटो, पण मुलाच्या तोंडून पहिला शब्द काढण्यात माझा हात धरणारं या गावात कुणी नव्हतं. मोठ्या डॉक्टर माझ्या वर्गात येऊन बसल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की या वयात मला माकडांची मास्तरीण व्हायचं नाही. चिंपांझी माकड नसतो, असं त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी मी त्यांच्या प्रयोगशाळेत हजर होते. गप्प बसवत नाही हा माझा जुना आजार आहे.

आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय. मी कुठल्याही मुलाला पहिला शब्द शिकवते तो "हो". हो म्हटलं की लगेच काहीतरी मिळतं, मूल खूश होतं, पुढचा शब्द आपोआप यायला लागतो. धाकटीलाही तसंच शिकवलं. द्राक्ष हवं? हो. बाहेर जायचं? हो. शिवाय शब्द तोंडातून आल्याशिवाय मी काहीही समजून घेत नाही. मूल बोटाने दाखवेल, डोळ्यांनी सांगेल, मी आपली ठोंब्यासारखी बसून राहते. त्यामुळे मुलं बोलतात. आया मला शिव्या घालतात आणि नंतर पेढे घेऊन पाया पडायला येतात.

त्यात प्रयोगशाळेचा स्वतःचा एक नियम होता. धाकटीच्या दारावर लाल अक्षरांत पाटी होती: आत नकाराचे शब्द वापरू नयेत. मधली लहान असताना कुणीतरी तिच्यावर "नाही" म्हणून ओरडलं आणि तिने तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हापासूनची ही पाटी. धाकटी जाळी ओरबाडायला लागली तर आम्ही चेंडू दाखवायचो. चष्मा ओढला तर गाणं म्हणायचो. तिची देखभाल करणारे काका सहा वर्षं ही पाटी इतकी मनापासून पाळत होते की त्यांची नाही म्हणायची सवयच मोडली होती. त्यांच्या बायकोने त्याचा पुरेपूर फायदा घेतला आणि त्यांच्या घरात आता तीन मांजरं आहेत.

चार वर्षांत धाकटीकडे एकशे चाळीस शब्द आले. चेंडू, दार, पाणी, दुखतं, बाई. त्यात नकाराचा एकही नव्हता, कारण तो तिने कधी ऐकलाच नव्हता. आवाज प्रश्नासारखा वर गेला की ती "हो" म्हणायची आणि हात पुढे करायची. आम्ही त्याला बरोबर उत्तर म्हणायचो आणि त्याचे तक्ते भिंतीवर लावायचो. मी माझ्या हातांनी एक होयबा तयार केली होती, आणि आता तिला विचारणार होते की तुझं डोकं उघडू का.

दुपारी मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि न बसताच हे सगळं सांगून टाकलं. त्या वाईट बाई नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांना धाकटीच्या मेंदूचा हरभऱ्याएवढा तुकडा हवा होता, शब्द नेमके कुठे रुजलेत ते बघायला. ते कळलं असतं तर पुढे न बोलणाऱ्या मुलांसाठी औषध निघू शकलं असतं. तुमच्याच वर्गातली मुलं, बाई, असं त्या मला नेहमी म्हणत आणि ते खरं होतं. त्या मुलांच्या आयांचे चेहरे मला पाठ आहेत. पण तुकडा काढल्यावर धाकटीचे शब्द जाण्याची शक्यता निम्मी होती. तिचा जीव जाण्याची पाचात एक.

त्या म्हणाल्या, "सात दिवस आहेत. शिकवा तिला. फक्त शस्त्रक्रियेचा प्रश्न घोकून घ्यायचा नाही, आणि जे कराल ते नोंदवहीत लिहायचं."

घरी गेले तरी मला एका जागी बसवेना. धुतलेले कप पुन्हा धुतले. खिडकी उघडली, लावली, उघडली. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला बिघडलेल्या गोष्टींजवळ शांत बसायची सवय आहे. त्याने पेपर खाली ठेवला आणि काय झालंय ते विचारलं. मी त्याला उलट विचारलं की आपल्या पोरीला "नको" म्हणायला कुणी शिकवलं. तो हसायलाच लागला.

"कुणी कशाला शिकवायला हवं? दिवसातून शंभरदा तू तिला नको म्हणायचीस. एक दिवस तिने ते तुलाच परत दिलं."

मंगळवारी सकाळी दारावरची पाटी उतरवली. धाकटी नेहमीसारखी धावत आली, "बाई" म्हणाली, माझ्या एप्रनचे खिसे तपासले, माझ्या केसांत बोटं फिरवून नसलेल्या उवा काढल्या. मग तिने चष्म्याला हात घातला आणि मी म्हटलं, "नको." ती थांबली. नवा शब्द म्हणजे नवी वस्तू, एवढंच तिला माहीत. नको नावाची गोष्ट माझ्याकडे आहे आणि मी ती लपवतेय, असं समजून तिने माझे खिसे पुन्हा तपासले आणि दोन्ही हात पुढे केले.

मी काकांना विचारलं की हिला जगात काय आवडत नाही. जंताचं औषध, ते लगेच म्हणाले. ते आजवर केळ्यात लपवून द्यायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी मला तसंच चवीला कडूजहर पण निरुपद्रवी पाणी करून दिलं, आणि मी चमचा घेऊन धाकटीसमोर बसले. हवं? हो, ती म्हणाली, आणि गिळलं. तिचं सगळं तोंड गोळा झालं, अंगावरचे केस उभे राहिले. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली. त्या सकाळी ती बारा वेळा हो म्हणाली, बारा वेळा तिला उमासे आले आणि बारा वेळा तिने द्राक्षासाठी हात पुढे केला. मी नोंदवहीत बारा रेघा मारल्या आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं.

बुधवारी काकांना समोर बसवलं. मी त्यांना विचारायचं "हवं?", त्यांनी "नको" म्हणायचं, मी चमचा खाली ठेवायचा, हे बघून धाकटीने शिकायचं. पण काकांच्या तोंडून शब्दच फुटेना. पहिल्यांदा ते म्हणाले, "बघू नंतर." दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्ही घ्या ना आधी." तिसऱ्यांदा त्यांनी चक्क तोंड उघडून ते पाणी पिऊन टाकलं. मी तुम्हाला कशाला बोलावलं, असं मी त्यांच्यावर खेकसले, तेव्हा कुठे त्यांनी खाली मान घालून, देवळात शिवी दिल्यासारखं, हळूच "नको" म्हटलं. मी चमचा ठेवला. धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "हो."

शुक्रवारी तिने हाताने चमचा दूर ढकलला. तोंडाने हो म्हणत होती आणि हाताने ढकलत होती. हाच तर "नको" होता, पूर्ण "नको", आंधळ्यालाही दिसलं असतं. पण समितीला शब्द हवा होता, आणि माझी पद्धत माझ्या हाडांत मुरलेली. मी ठोंब्यासारखी बसले. काहीच न कळल्यासारखं करून चमचा पुन्हा तिच्या ओठांना लावला. काका म्हणाले, "बाई, ती सांगतेय की." मी म्हटलं, "मला ऐकू नाही आलं."

त्या वेळी धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी बावीस वर्षांत पुष्कळ मुलांना रडवलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण पुढे ती बोलली. त्या नजरेची मात्र वाटली. तरी मी थांबले नाही. सोमवार अंगावर येत होता आणि मला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

शनिवारी ती दाराशी आली नाही. कोपऱ्यात पाठ करून बसली होती. मी तिच्यामागे जाऊन बसले, ती सरकली; मी पुन्हा गेले, ती पुन्हा सरकली. खोलीच्या चारही कोपऱ्यांत आम्ही हा खेळ खेळलो, आणि दर कोपऱ्यात मी चमचा पुढे केला. चौदाव्या वेळी तिने "हो" म्हटलं नाही. पंधराव्या, सोळाव्या वेळी ओठ मिटून घेतले. सतराव्या वेळी तिच्या घशातून जाड, घोगरा, पण स्वच्छ आवाज आला: "नको."

मी चमचा तिथल्या तिथे मोरीत ओतला. बाटलीही ओतली. मला रडू आवरेना, काका तर कधीचेच रडत होते. मी खिशातलं सगळ्यात मोठं द्राक्ष काढून तिच्यापुढे धरलं. हवं? ती म्हणाली, "नको." मी हसले. मुलांना नवा शब्द मिळाला की ती तो वापरून वापरून फाडतात. आमची पोरगी महिनाभर आंघोळीपासून आजीपर्यंत सगळ्याला नको म्हणत होती. काकांनी तेच द्राक्ष दिलं तेव्हा धाकटीने खाल्लं, पण त्याकडे मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

रविवारी मी घरात येरझारा घातल्या. आता ती सगळ्यालाच नको म्हणायला लागली तर? मग तेही पोपटपंचीच ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी नवऱ्याने मला भाजी आणायला बाहेर काढलं आणि मी पिशवी बाजारातच विसरून आले.

सोमवारी समिती आली. चार जण होते, पण बोलणारे दोघंच: अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीशबाई, आणि आकडेवारीचे एक प्राध्यापक, ज्यांनी माझी नोंदवही आधीच काखोटीला मारली होती. मला आत जायची परवानगी नव्हती. मी खाणाखुणा केल्या असत्या ना. मी, मोठ्या डॉक्टर आणि प्राध्यापक काचेच्या अलीकडे बसलो. आतून त्या काचेत फक्त आरसा दिसतो. न्यायाधीशबाई स्वतः आत गेल्या, बुटक्या स्टुलावर बसल्या आणि धाकटीला आपल्या बुटांचे बंद सोडू दिले. ते मला आवडलं.

द्राक्ष हवं? हो, धाकटी म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. बाहेर जायचं? हो. झोपायचं? नको. मग न्यायाधीशबाईंनी धाकटीला ठाऊक असलेल्या शब्दांतच विचारलं. मागच्या वर्षी दाढ काढली होती, त्यामुळे दवाखाना, टोचणं, दुखणं हे तिला चांगलं माहीत होतं. "दवाखान्यात जायचं? डॉक्टर डोक्याला टोचतील. दुखेल. जायचं?"

धाकटीने डोक्याला हात लावला. "नको," ती म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघवलंच नाही. तेवढ्यात प्राध्यापकांनी नोंदवही उघडली. शांत माणूस, आवाजही चढवला नाही. हा शब्द तिला दोन दिवसांपूर्वी आलाय, ते म्हणाले. चमचा घेऊन, पाच दिवसांत त्र्याहत्तर वेळा प्रयत्न करून तो शिकवलाय. त्याआधी चार वर्षांत तिने एकदाही कशाला नकार दिलेला नाही. दहा दिवसांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर ती हो म्हणाली असती.

"तो हो पण मीच शिकवला होता," मी म्हटलं.

"म्हणजे दोन्ही तुमचेच," ते म्हणाले. "मग ती बोलतच नाही. आणि बोलत नसेल तर तिला विचारायची गरजच उरत नाही."

तिला वाचवायला मी जे बोलले होते, तेच उचलून त्यांनी तिच्या गळ्यात बांधलं होतं. न्यायाधीशबाई दारात येऊन हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं की या खोलीत अशी कोणती गोष्ट आहे, जिला नकार देणं धाकटीला कुणीच शिकवलं नसेल. मी द्राक्ष म्हणणार होते. पण आत धाकटीजवळ थांबलेले काका तिथूनच म्हणाले, "बाई. रोज सकाळी त्यांचं नाव घेते. त्यांना नको म्हणायला कोण शिकवणार?"

न्यायाधीशबाई परत आत गेल्या. मी खुर्चीतून उठलेच होते. केस नीट केले, एप्रनच्या खिशात द्राक्षं आहेत ना ते चाचपलं. चार वर्षं मी दारापाशी पोचायच्या आत तिने मला हाक मारली होती. आता ती हो म्हणेल, मी आत जाईन, तिला जवळ घेईन, आणि मग शस्त्रक्रियेचं काय व्हायचं ते होईल.

"बाई हव्यात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "त्यांना आत बोलवू?"

धाकटीने दाराकडे बघितलं. मग आरशाकडे बघितलं, म्हणजे थेट माझ्याकडे, पण ते तिला ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. न्यायाधीशबाईही थांबल्या; घाई न करता थांबणं मी इतक्या वर्षांत फार थोड्या लोकांना जमलेलं बघितलंय.

"नको," धाकटी म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी प्रश्न उलटा करून विचारला. बाई बाहेरच राहू देत? हो, ती म्हणाली, आणि त्यांच्या बुटाचा बंद पुन्हा हातात घेतला.

प्राध्यापकांनी नोंदवही मिटली. हे कुणी शिकवलेलं नाही, ते म्हणाले, आणि माझी नजर चुकवून कागदावर सही केली. शस्त्रक्रिया रद्द झाली. त्याच कागदावर खाली असंही लिहिलं गेलं की धाकटीने ज्या व्यक्तीला नकार दिलाय, त्या व्यक्तीने तिच्या खोलीत जायचं नाही. न्यायाधीशबाईंनी ते मला स्वतः वाचून दाखवलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. एक नकार मानायचा आणि दुसरा सोडायचा, असं करता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

मंडळी चहाला गेली. मी कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, कारण थांबले असते तर खाली बसले असते. मोठ्या डॉक्टर माझ्यामागे आल्या. त्यांची इतक्या वर्षांची मेहनत अर्ध्या तासात वाहून गेली होती, तरी त्या माझीच समजूत घालत होत्या. पुढच्या सोमवारी तिला तुमच्याबद्दल पुन्हा विचारू, त्या म्हणाल्या. रुसलीय ती. मुलं रुसतात आणि विसरतात, तुम्हीच सांगता ना. आठ दिवस जाऊ देत, हो म्हणेल.

म्हणेलही, हे मला माहीत होतं. मला तिच्या बोटांची केसांतली खुडबूड आठवली आणि होकार अगदी जिभेवर आला. प्राध्यापक चहाचा कप घेऊन थोड्या अंतरावर उभे होते आणि ऐकत होते. माझ्याबद्दल एकदा पुन्हा विचारलं, की दुसरा, शस्त्रक्रियेचा प्रश्नही पुन्हा विचारता येणार होता. या सोमवारी नको, पुढच्या सोमवारी नको, आणि एखाद्या सोमवारी, पोट भरलेलं असताना, ऊन पडलेलं असताना, हो.

"पुन्हा विचारायचं नाही," मी म्हटलं.

"कधीच?"

"ती नको म्हणालीय."

"पण बाई, तुम्हाला तिला भेटायचं नाही का?"

मी खिशातली द्राक्षं काढून त्यांच्या हातात दिली, काकांना द्या म्हणून.

"मला भेटायचंय हो," मी म्हटलं. "पण विचारलं तिला होतं."